जावा २५० घरीच उभी करतोय – कुठले पार्ट चालतात, कुठून आणायचे?

सातारी_फटफटी

नमस्कार मंडळी. मामांची १९७० ची जावा २५० आता माझ्याकडे आलीय. ए टाइप म्हणतात ती, मरून रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम, दोन सायलेन्सर. बरीच वर्षं गावाकडे पडवीत उभी होती त्यामुळे इंजिन जाम, टाकीत गंज, सीटचा फोम उंदरांनी संपवलाय. पण फ्रेम सरळ आहे, कुठे वेल्डिंग नाही, इंजिन नंबर चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळतात आणि हेडलाइटचं घर, स्पीडोमीटर, टूलबॉक्स सगळं जागच्या जागी आहे. गाडी गॅरेजला द्यायची नाही, घरीच मागच्या खोलीत पूर्ण खोलायची आणि स्वतः जोडायची असं ठरवलंय, बाहेर फक्त लेथ, बोअर, प्रेस आणि क्रोमचं काम.

सध्याची परिस्थिती अशी की इंजिन फ्रेममधून उतरवलंय, हेड आणि बॅरल निघालंय. रिंगा चिकटल्या होत्या, वरून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओतून मुरू दिलं तेव्हा सुटल्या. बॅरलला वरच्या बाजूला गंजाचे खड्डे आहेत. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली केला की टकटक हाताला लागते. क्लच प्लेटमधले कॉर्क निम्मे झडलेत. जिकोव कार्बोरेटर आहे पण बॉडीला चीर. मागच्या चेनचं जे बंद कव्हर असतं त्याचा खालचा अर्धा भाग नाहीच, आणि त्याचे रबरी गेटर (चेनवरच्या घडीच्या नळ्या) पण नाहीत.

आता प्रश्न. याच कारखान्याच्या नंतरच्या येझदीचे कुठले पार्ट या गाडीला चालतात? येझदीच्याच रोडकिंग मॉडेलचं काही बसतं का? ऑनलाइन जावा म्हणून शोधलं की निम्मं सामान नव्या जावाचं येतं, ते तर ओळखू येतं, पण बाकीच्यात 'जावा/येझदी सर्व मॉडेल' असं लिहिलेलं असतं त्यावर किती विश्वास ठेवायचा? पुणे-मुंबईत नक्की कुठे फिरायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगा, घाई अजिबात नाही.

उद्यमनगरी

मस्त गाडी हाताला लागलीय. कोल्हापूरला आमचं लेथ-बोअरिंगचं वर्कशॉप आहे, जावा-येझदीचे बॅरल अजूनही येतात म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी एक व्हर्नियर आणि एक वही घ्या. चांगला व्हर्नियर घ्या, प्लॅस्टिकचा नको. प्रत्येक पार्ट निघाला की त्याचं माप वहीत, आणि पार्ट पिशवीत घालून पिशवीवर नाव. जुन्या गाडीचा पार्ट नावाने घ्यायचा नाही, मापाने घ्यायचा. 'सर्व मॉडेल' हे विकणाऱ्याच्या सोयीचं लेबल आहे. बेअरिंग असेल तर त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो जगात कुठेही एकच, त्याला जावाचं बेअरिंग असं काही नसतं, कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे नंबर सांगून मिळतं. फक्त क्रॅंकची बेअरिंग घेताना नंबरापुढे सी३ असलेलीच मागा. क्रॅंक तापतो, साध्या क्लिअरन्सचं बेअरिंग तिथे आवळतं. ऑइल सीलवर पण तीन आकडे असतात, समजा ३०×४७×७ तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ही दोन कामं तरी जावाच्या दुकानात न जाता होतात आणि चांगल्या कंपनीचा माल मिळतो.

आता बॅरल. या इंजिनाचा बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक ७५, ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. खड्डे किती खोल आहेत ते बोअर गेजने बघितल्याशिवाय पिस्टन घेऊ नका. मग जी साइज लागेल तो पिस्टन आधी आणा, हातात घ्या, मोजा, आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर मारून घ्या. बरेच जण उलटं करतात, आधी बोअर मारून मग पिस्टन शोधत हिंडतात. बाजारातल्या पिस्टनच्या मापात थोडा थोडा फरक असतो आणि टू-स्ट्रोकला तो फरक सीझ व्हायला, म्हणजे पिस्टन बॅरलमध्ये जाम व्हायला, पुरतो.

बोअर मारल्यावर पोर्टच्या (बॅरलच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा धारदार राहतात. त्या बारीक दगडाने हलक्या हाताने मारून घ्यायच्या, सगळीकडे सारख्या, बोट फिरवलं तर अडकायला नको. हे काम बोअरवाला बहुतेक करत नाही, आपण सांगून करून घ्यायचं. नाहीतर नवी रिंग त्या कडेला अडकते आणि तुटते. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो तो एक्झॉस्टकडे.

रॉड वर-खाली हलतोय म्हणजे बिग एंड, रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, गेलंय, त्यात शंकाच नाही. बाजूला थोडा हलला तर चालतो, वर-खाली अजिबात नाही.

डोंगरीचा_राजा

मुंबईचं मी सांगतो. ऑपेरा हाउसच्या मागच्या भागात ऑटो पार्टची जुनी दुकानं आहेत, तिथे कधीकधी न उघडलेला जुना माल निघतो, पण दुकानदाराला मॉडेल नीट कळलं पाहिजे आणि नमुना हातात पाहिजे. चोर बाजारात हेडलाइटच्या रिंगा, स्पीडोमीटर, बॅज, हॉर्न असल्या वस्तू दिसतात, भाव मात्र बघून सांगतात, आपल्या चेहऱ्यावर आनंद दिसला की गेले पैसे. कुर्ल्याला मोटारींचाच माल जास्त, जावासाठी तिकडे खास जाऊ नका.

पुण्यात नाना पेठ हीच जागा. आणि जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरतो, लवकर जायचं. तिथे पार्ट म्हणून काही मांडलेलं नसतं, ढिगात असतं, त्यामुळे आपल्याला आकार पाठ पाहिजे. पाने, पुलर, जुने टॅप-डाय मात्र तिथे फार छान मिळतात.

मेधा_नाशिक

क्लच प्लेट फेकू नका हो! लोखंडी प्लेट वाकलेली नसेल तर फक्त कॉर्क बदलायचे. आमच्याकडे बाबांची येझदी आहे, तिचे कॉर्क मीच बदलते. सुटे कॉर्क मिळतात. ते गरम पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवायचे, मग खाचेत अंगठ्याने दाबत बसवायचे, दोन्ही बाजूंनी सारखे वर राहिले पाहिजेत. पूर्ण वाळू द्यायचे, घाई केली तर ते नंतर आक्रसतात आणि सैल होतात. वाळल्यावर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून प्लेट त्यावर गोल गोल घासायची, थोड्या थोड्या वेळाने प्लेट फिरवायची म्हणजे एका बाजूला जास्त घासली जात नाही. सगळे कॉर्क एका पातळीत आले की त्यांच्यावर सारखी चकाकी दिसते, तेवढं झालं की थांबायचं. बसवायच्या आधी रात्रभर गिअर ऑइलमध्ये बुडवून ठेवायच्या, कोरडी कॉर्क प्लेट जळते.

रेडीमेड प्लेटपण मिळतात, पण काहींच्या बाहेरच्या दातांचं माप जरा कमी असतं आणि त्या बास्केटमध्ये (प्लेट ज्यात बसतात त्या भांड्यात) खडखडतात, बास्केटला खाचा पडतात. बास्केट मिळणं प्लेटपेक्षा कितीतरी अवघड आहे, म्हणून तिला जपायचं. खाचा पडल्या असतील तर कानशीने सरळ करून घ्या, जास्त घासू नका. आणि या गाडीत गिअर लिव्हर हलवला की क्लच आपोआप सुटतो ना, ते सेटिंग प्लेटची जाडी बदलली की परत करावं लागतं, तेव्हा हे लक्षात असू द्या.

अण्णा_बेळगाव

सातारकर, तुमचा धागा वाचून बरं वाटलं. आयुष्यातली बरीच वर्षं याच गाड्यांवर गेली माझी. आमच्याकडून म्हैसूर तसं जवळ वाटायचं, माल थेट तिकडून यायचा.

थोडं मागचं सांगतो म्हणजे पार्टचा घोळ का होतो ते कळेल. म्हैसूरच्या आयडियल जावात १९६१ पासून गाड्या निघायला लागल्या, रुस्तम इराणी आणि फारोख इराणी यांनी कारखाना उभा केला. सुरुवातीचा बराच माल चेकोस्लोव्हाकियातून यायचा, मग हळूहळू एकेक पार्ट इथे बनायला लागला. १९७३ नंतर गाडीचं नाव येझदी झालं, १९७८ ला रोडकिंग आली, आणि १९९६ ला कारखाना बंद. म्हणजे एकाच घराण्यातल्या पस्तीस वर्षांच्या गाड्या, आणि मधे मधे बदल होत गेले. येझदीची बी टाइप तुमच्या इंजिनाच्या अगदी जवळची, तिच्याकडून पुष्कळ पार्ट चालतात, तरी मोजूनच. रोडकिंगचं इंजिन वेगळं, ते सीझेडच्या वळणाचं. तिचा बॅरल, क्रॅंक, केस यांच्या वाटेला जाऊ नका. चाकं पण तिची १८ इंची, तुमची १६. कारखाना बंद झाल्यावर जो पार्ट खपतो तो छोटे कारखानदार बनवत राहिले, त्यामुळे पिस्टन, केबल, पॅकिंग सेट, चेन-स्प्रॉकेट मुबलक आहे आणि चेन कव्हर, कार्बोरेटरवरचं झाकण, टूलबॉक्सची कुलपं असल्या वस्तूंचा दुष्काळ.

इंजिन केस उघडताना फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. बघितलंय मी किती केसचे तोंड खराब झालेले, तिथून मग आयुष्यभर गळती. केस तापवा, लाकडी हातोड्याने हलके ठोके द्या, सुटतंच. बेअरिंग पण तसंच, अॅल्युमिनियम तापलं की बेअरिंग स्वतःच खाली पडतं. घरचा ओव्हन वापरू नका, तेलाचा वास राहतो. जुनी इलेक्ट्रिक शेगडी आणि वर लोखंडी पत्रा पुरे. पाण्याचा थेंब टाकला आणि तो लगेच चुरचुरला की तापमान बरोबर. नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवून मग तापलेल्या केसमध्ये टाकलं तर हाताने बसतं, ठोकायला लागत नाही.

दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. एक, केसचे दोन अर्धे जोडीने मशीन केलेले असतात. एका इंजिनाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा असं कधी जोडू नका, क्रॅंक सरळ रेषेत राहत नाही. दोन, इंजिन नंबर केसवर असतो, केस बदलली की कागदांवरची गाडी वेगळी झाली. म्हणून तुमची केस चिरली असेल तरी ती वेल्डिंग करून वाचवता येते का ते आधी बघा.

सीलचं पण सांगतो. उजवीकडे डायनामो, डावीकडे प्रायमरी चेन आणि गिअर ऑइल. डावा सील गेला की इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधलं तेल कमी कमी होत जातं, लोक मात्र कार्बोरेटर खोलत बसतात. उजवा गेला की बाहेरची हवा आत जाते, मिक्स्चर पातळ होतं, इंजिन तापतं आणि सीझ होतं. इतकी वर्षं बंद असलेल्या गाडीचे दोन्ही सील बदलायचेच, वरून कितीही चांगले दिसले तरी. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडलेली असते, नखाला लागते. लागत असेल तर नवा सील मिलिमीटरभर पुढे-मागे बसवा म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या जागेवर येतो. शाफ्ट बदलायची गरज पडत नाही.

सातारी_फटफटी

अण्णा, मेधाताई, उद्यमनगरी, फार फार आभार. वही आणि व्हर्नियर आजच सुरू केलं. डाव्या शाफ्टवर खाच आहे, नखाला स्पष्ट लागते, त्यामुळे तो मिलिमीटरचा उपाय करणार.

अजून दोन प्रश्न. क्रॅंक प्रेसवर कुठे द्यायचा ते ठरवताना काय विचारायचं? आणि कार्बोरेटरचं काय करू? गॅरेजवाले म्हणतात मिकार्बचा नवा कार्बोरेटर टाका आणि विसरा.

उद्यमनगरी

क्रॅंकवाल्याला एकच विचारा, डायल गेज आहे का आणि सेंटरवर ठेवून फिरवून दाखवाल का. नुसतं प्रेस सगळ्यांकडे असतं. पिन दाबून बसवल्यावर दोन्ही टोकं दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत फिरली पाहिजेत, तुम्ही समोर उभे राहून काटा बघा. रॉड किट नेताना जुना रॉड पण न्या, दोन्ही भोकांच्या सेंटरमधलं अंतर, पिनचा व्यास आणि रॉडची खालची रुंदी नव्या-जुन्याची जुळवून मगच दाबायला द्या. रॉड अर्धा मिलिमीटर जरी लांब असला तरी पोर्टचं टायमिंग आणि वरची जागा दोन्ही बदलतं.

घाटमाथा_२५०

कार्बोरेटरबद्दल. मिकार्ब चालतो, माझ्या बी टाइपला आहे आणि गाडी एका किकमध्ये चालू होते. पण ए टाइपला कार्बोरेटर झाकणाखाली असतो, त्या झाकणात नवा कार्बोरेटर आणि त्याचा एअर पाइप मावला पाहिजे. मावत नाही म्हणून लोक झाकण कापतात. कृपया कापू नका, ते परत मिळत नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून बघा. बसला तर अडॅप्टर लेथवर करून घ्या, आणि अडॅप्टरच्या दोन्ही तोंडांना पॅकिंग नीट घाला, तिथून हवा घेतली तर उजवा सील गेल्यासारखीच लक्षणं दिसतात आणि माणूस गोंधळतो.

मग जेट. मोठ्या जेटपासून सुरुवात करून खाली यायचं, उलटं नको. गाडी चढावर ओढून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढायचा. कॉफीच्या रंगाचा आला की बरोबर, पांढुरका आला की जेट लहान आहे, काळा ओलसर आला की मोठा.

चीर असलेला जिकोव पण जपून ठेवा. जुन्या झिंक अलॉयचं वेल्डिंग नीट होत नाही, पण आतले जेट, सुई, पितळी फ्लोट उद्या दुसरी चांगली बॉडी मिळाली तर कामाला येतील.

व्ल्टावाकाठी

मी प्रागला असतो, नोकरीनिमित्त. तुमची गाडी म्हणजे इथली ३५३, इथे लाडाने तिला क्यवाच्का म्हणतात, ३५० ट्विन पण त्याच नावात. इथे या गाड्यांचं वेड अजून आहे आणि नव्याने बनवलेले पार्ट नियमित मिळतात, चेन कव्हर, गेटर, रबराचे नी पॅड, सायलेन्सर, बॅज, स्पीडोमीटरची काच, सगळं. रबर तर फारच चांगलं असतं.

पण अण्णा म्हणाले ते इथूनही खरं आहे. १९७० पर्यंत म्हैसूरच्या गाडीत बरंच काही बदललेलं होतं, त्यामुळे मॉडेल नंबर ३५३ असला तरी भोकांची अंतरं मोजूनच मागवा. जड सामानाला पोस्ट आणि कस्टम ड्यूटी मिळून खर्च वाढतो, सायलेन्सरची जोडी मागवण्यात अर्थ नाही, ती तिकडेच करून घ्या. रबर, पॅकिंग, छोटे पितळी आणि क्रोमचे तुकडे मात्र जरूर मागवा. चारपाच जणांनी मिळून एकच पार्सल केलं तर बरंच परवडतं.

एक चांगली गोष्ट म्हणजे ही गाडी पूर्ण मेट्रिक आहे. बुलेटवाल्यांना जुन्या मॉडेलसाठी व्हिटवर्थचे वेगळे पाने आणि इंची आटे सांभाळावे लागतात, आपल्याला एम६, एम८ चे बोल्ट कुठेही मिळतात. आटे गेले असतील तर मोठं भोक पाडून पुढच्या मापाचा बोल्ट घालण्यापेक्षा हेलिकॉइल (तारेचा तयार आटा) घाला, मूळ माप राहतं.

ठाणे_वायरमन

इलेक्ट्रिकलचं कुणी बोललं नाही अजून. ६ व्होल्टचा डायनामो काढून १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक किट टाका. हेडलाइट दिसेल असा मिळतो, पॉइंटची कटकट जाते, बॅटरी कुठेही मिळते. रात्री हायवेला ६ व्होल्टवर चालवणं म्हणजे समोरच्याला आपण दिसतच नाही. मी सुरक्षिततेच्या दृष्टीने सांगतोय.

अण्णा_बेळगाव

वायरमन साहेब, तुमचा मुद्दा कळतो, रात्रीचं चालवायचं असेल तर तो खराच आहे. पण मूळ डायनामो चांगल्या अवस्थेत असेल तर तो तसाच ठेवावा असं माझं ठाम मत. हा डायनामो मरत नाही, त्याला मारतात. कार्बन ब्रश झिजलेले, कम्युटेटर काळा पडलेला, कटआउटचे पॉइंट जळालेले, आणि वायरिंगचं अर्थिंग नीट नसलेलं, एवढंच निघतं दहापैकी आठ वेळा. कम्युटेटर लेथवर अगदी हलका कट घेऊन साफ करायचा, मग पट्ट्यांमधल्या मायकाच्या रेषा करवतीच्या पात्याने थोड्या खोल करायच्या, ब्रश नवे, आणि वायरिंग नवं करताना अर्थिंगसाठी फ्रेमवरचा रंग खरवडून चांगला कॉन्टॅक्ट. पॉइंट गॅप ०.४ मिमी, प्लग गॅप ०.६. एवढं झालं की गाडी चालू होते आणि चार्जिंगही देते.

किट टाकायचंच असेल तर मूळ डायनामो तेल लावून गुंडाळून ठेवा. विकू नका आणि भंगारात देऊ नका.

ठाणे_वायरमन

ठेवून द्या हे मान्य, अण्णा. आणि ६ व्होल्टवरच राहायचं असेल तर एवढं करा, मागचा दिवा आणि ब्रेक लाइटला ६ व्होल्टचा एलईडी घाला, डायनामोवरचा भार कमी होतो आणि तेवढा करंट हेडलाइटला मिळतो. वायर जाड घ्या, ६ व्होल्टला करंट दुप्पट वाहतो, बारीक वायरीत तो वाया जातो.

नियमावली

कागदांबद्दल थोडं, कारण ते गाडी रंगवायच्या आधीच बघायला हवं.

मामा हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, हयात असतील तर नेहमीचे २९ आणि ३०. रजिस्ट्रेशन संपलेलं असेल तर नूतनीकरणाला फॉर्म २५, गाडी दाखवावी लागते, आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. हस्तलिखित आरसी बुक असेल तर 'वाहन' पोर्टलवर गाडी दिसणारच नाही, आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवून, घ्यावी लागते, त्याला वेळ लागतो म्हणून आत्ताच अर्ज करा.

दुसरा रस्ता म्हणजे व्हिंटेज नोंदणी. २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. तुम्हाला साताऱ्यातून महाबळेश्वरला रविवारी सहज जायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं. आणि या नियमात चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल नको असं स्पष्ट आहे, म्हणजे मूळ पार्ट जपण्याचा आणखी एक फायदा.

फ्रेमला सॅंडब्लास्टिंग किंवा पावडर कोटिंगला देताना चेसिस नंबरवर जाड टेप लावून द्या आणि देण्याआधी कागद ठेवून पेन्सिलीने नंबरची छाप घेऊन ठेवा. नंबर बुजला तर पुढे फार त्रास होतो.

मेधा_नाशिक

टाकीचं राहिलं. टाकीच्या बाहेरचं क्रोम आणि मूळ रंग जर थोडाफार टिकून असेल तर आधी आतून साफ करून बघा, बाहेर हात लावू नका. रंग नवा कधीही देता येतो, कारखान्यातून निघालेला रंग आणि त्यावरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा गेल्या की गेल्या. आतून आम्ही फॉस्फोरिक अॅसिडचं रस्ट रिमूव्हर वापरलं, आत मूठभर बारीक नट टाकून टाकी हलवायची, नंतर भरपूर धुऊन लगेच गरम हवेने वाळवायची. ओली राहिली तर काही तासांत परत लाल होते. अॅसिड बाहेर क्रोमवर ओघळू देऊ नका.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ते पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामं करा. जुना रबरी पाइप आणि पेट्रोल कॉकचं कॉर्क पॅकिंग इथेनॉलला टिकत नाही, इथेनॉल चालणारा पाइप घ्या. जेट लावतानाही हे पेट्रोल जरा पातळ जळतं हे धरून चाला. ऑइल आम्ही लिटरला ४० मिली टाकतो, मूळ १:२५ च्या प्रमाणात, नव्या बोअरला सुरुवातीला थोडं जास्त.

घाटमाथा_२५०

सायलेन्सरच्या आतले बॅफल विसरू नका. वर्षानुवर्षांचा कार्बन असतो, गाडी ओढतच नाही मग. बॅफल काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका, लोखंडी आहेत म्हणून चालतं, अॅल्युमिनियमचं काहीही त्यात टाकू नका, विरघळतं. हातमोजे आणि डोळ्याला चष्मा लावूनच. आणि क्रोमवाल्याला खाली कॉपर, मग निकेल, मग क्रोम असंच करायला सांगा, नुसतं निकेल-क्रोम पावसाळ्यात फुटतं.

आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, पुण्यालाही गाड्या जमतात. गाडी चालू नसली तरी तुम्ही या, पार्टची यादी घेऊन या. दुकानात न मिळणारं सामान तिथल्या लोकांच्या माळ्यावर असतं.

सातारी_फटफटी

सगळ्यांचं वाचून वहीत उतरवलंय. ठरवलंय ते असं: डायनामो मूळच ठेवणार, मागे एलईडी. टाकीचा रंग तसाच राहू देणार, मामींना पण तेच हवंय. मिकार्ब पुठ्ठ्याच्या नमुन्याने मावतोय असं दिसतंय, झाकण कापणार नाही. कोल्हापूरला बॅरल आणि क्रॅंक घेऊन येतो, उद्यमनगरी तुम्हाला निरोप टाकतो. बॅकलॉगचा अर्ज दिला. प्रागच्या पार्सलात मी आहे, अजून कोण कोण येतंय?

चेन कव्हरचा खालचा भाग मात्र अजून मिळत नाहीये. पुण्यात एक मिळाला होता पण रोडकिंगच्या वळणाचा निघाला, वहीतल्या मापाशी जुळेना म्हणून तिथेच सोडला.

अण्णा_बेळगाव

माझ्याकडे ए टाइपचा खालचा भाग आहे, एका बाजूला दाबलेला, गंज नाही, ठोकून सरळ होईल. तुमच्या वरच्या भागाच्या दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि मागच्या स्प्रॉकेटपाशी आतली रुंदी मोजून इथे टाका, जुळलं तर पाठवून देतो. पैशाचं नंतर बघू. गेटर प्रागहूनच मागवा, माझे कडक झालेत.

व्ल्टावाकाठी

गेटरची जोडी घालतो यादीत. मेधाताई, तुम्हाला नी पॅड हवे होते ना, बी टाइपचे की ए टाइपचे ते कळवा. रविवारपर्यंत सगळ्यांनी मापं पाठवा, सोमवारी ऑर्डर देतोय.